अस्सल, नक्कल आणि उर्फ : ‘मौजे मजकूर’पासून पर्लपर्यंत तात्पुरत्या नावांचा इतिहास

१/२४
मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यात अच्छाड हे गाव आहे. त्यापुढे गुजरातची हद्द लागते. आजचा धागा तिथून सुरू होतो आणि तिथेच संपतो. वाटेत मोडी कागदांतले चार-पाच शब्द भेटतील आणि १९८७ साली जन्मलेली पर्ल ही संगणकभाषाही भेटेल. विषय एकच आहे. एखाद्या गोष्टीला तात्पुरते नाव दिले, किंवा एकाच गोष्टीला दुसरे नाव लावले, तर कोणती सोय होते आणि कोणती जोखीम पत्करावी लागते?

२/२४
निमित्त माझ्याच चुकीचे आहे. प्रबंधासाठी या सीमाभागातल्या गावांची यादी मी तयार करत होतो : कोणते गाव कोणत्या साली कोणत्या तालुक्यात होते आणि त्याचे नाव कसे लिहिले जात होते. एकाच गावाचे लेखन कुठे अच्छाड, कुठे आच्छाड. हे मेळ घालण्याचे काम सोपे व्हावे म्हणून पर्लमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तो चालला, कुठेही अडला नाही. यादी उघडून पाहिली तर ओळी जितक्या होत्या तितक्याच होत्या, पण गावांच्या नावांचा रकाना कोरा होता.

३/२४
कोऱ्या रकान्याचे कारण पुढे सांगतो. आधी ही यादी करावीशी का वाटली, ते सांगणे आवश्यक आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात उंबरगाव नावाचा तालुका होता. त्यातील ४७ गावे आणि ३ शहरे गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली २७ गावे महाराष्ट्रात राहिली.

४/२४
ही २७ गावे प्रथम डहाणू तालुक्याला जोडण्यात आली. १९६१ साली ती वेगळी काढून तलासरी तालुका तयार झाला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला आणि तलासरी, डहाणू हे तालुके त्यात आले. म्हणजे या २७ पैकी कोणतेही एक गाव घ्या. ते जागचे हलले नाही, पण त्याच्या पत्त्यात उंबरगाव, डहाणू, तलासरी असे तीन तालुके आणि ठाणे, पालघर असे दोन जिल्हे येऊन गेले.

५/२४
याचा परिणाम इतिहास वाचताना लगेच जाणवतो. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली शेतकरी जमले आणि सावकार-जमीनदारांची वेठ नाकारण्याचा निर्धार त्यांनी केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील हा लढा त्या काळच्या लेखनात उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांचा म्हणून येतो. आजच्या नकाशात उंबरगाव शोधणारा वाचक थेट गुजरातेत पोहोचतो. झरी मात्र महाराष्ट्रात, तलासरी तालुक्यात आहे.

६/२४
शब्द तोच राहिला, पण तो ज्या प्रदेशाकडे बोट दाखवतो तो प्रदेश बदलला. आजोबांच्या काळचा जमिनीचा कागद शोधणाऱ्या माणसाला हा फरक ठाऊक नसेल, तर तो चुकीच्या तालुक्याचे नाव सांगून रिकाम्या हाताने परत येईल. म्हणून माझ्या यादीत प्रत्येक गावासमोर त्या त्या वेळचे नाव जसेच्या तसे राहणे महत्त्वाचे होते. प्रोग्रॅमने नेमके तेच पुसले.

७/२४
आता थोडे मागे जाऊ. नाव पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. मोडी कागदांतला कारकून आरंभी एकदा गावाचे पूर्ण नाव लिहितो : मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक. त्यानंतर सगळीकडे ‘मौजे मजकूर’. मजकूर हा मूळ अरबी शब्द, अर्थ ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’. चालू सालाला ‘सालमजकूर’. आज मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेला ऐवज, पण जुन्या कागदात तो शब्द सर्वनामाचे काम करतो.

८/२४
त्याची भावंडेही आहेत. ‘सदरहू’ म्हणजे वर सांगितलेले. हा शब्द खरेदीखतांत आणि न्यायालयीन कागदांत अजून नांदतो. ‘मशारनिल्हे’ हा मानाच्या व्यक्तीसाठी. त्याचा मूळ अर्थ ‘ज्याच्याकडे निर्देश केला आहे तो’, म्हणजे शब्दशः बोट दाखवणे. आणि ‘उर्फ’ म्हणजे त्याच व्यक्तीचे रूढ असलेले दुसरे नाव. पहिले तिन्ही शब्द उसने आहेत, त्यांना स्वतःचा अर्थ नाही, जवळच्या नावाकडून तो मिळतो. उर्फ मात्र स्वतःचे नाव घेऊन येतो आणि त्याच माणसापाशी पोहोचवतो.

९/२४
मोडी शिकताना पहिली ठेच इथेच लागते. कागदाचे फक्त मधले पान हाती असेल तर ‘मौजे मजकूर’ कोणते, हे कळायला मार्ग नाही. त्याहून अवघड प्रसंग म्हणजे पत्राच्या पोटात दुसऱ्या पत्राची नक्कल उतरवलेली असते. आतल्या पत्रातले ‘मजकूर’ वेगळ्या गावाचे, बाहेरच्या पत्रातले वेगळ्या गावाचे. आतले पत्र कुठे संपले हे लक्षात आले नाही, तर एका गावाचा वाद दुसऱ्या गावाच्या माथी बसतो.

१०/२४
म्हणून कागद छापताना काळजी घेणारे संपादक चौकटी कंसात मूळ नाव पुरवतात. मूळ शब्द बदलत नाहीत, शेजारी खुलासा ठेवतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी दोन शब्द शिकवले जातात : अस्सल आणि नक्कल. खुणा, दुरुस्त्या, तर्क जे काही करायचे ते नकलेवर. अस्सलाला हात लावायचा नाही. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पर्लचे सारे प्रकरण त्यांत बसते.

११/२४
पर्लचे कर्ते लॅरी वॉल. पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी युजनेटवर प्रसिद्ध झाली. मोठमोठ्या मजकुराच्या फाईलींतून हवे ते निवडून अहवाल तयार करणे, हे तिचे मूळ काम. सेड, ऑक, सी आणि युनिक्सचे शेल यांच्याकडून तिने मोकळ्या मनाने उचल केली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे होते आणि त्याचा ठसा भाषेवर स्पष्ट उमटला. माणसे बोलताना ज्या सवयी वापरतात त्या संगणकाशी बोलतानाही चालाव्यात, अशी त्यांची धारणा होती.

१२/२४
त्या सवयींपैकी एक म्हणजे सर्वनाम. ‘टोपलीतला प्रत्येक आंबा घे, पूस आणि ठेव’ असे सांगताना ‘आंबा पूस, आंबा ठेव’ असे आपण म्हणत नाही. पर्लमध्येही ‘यादीतील प्रत्येक घटक घे’ एवढेच सांगितले आणि त्या घटकाला नाव दिले नाही, तर भाषा स्वतःच एक नाव वापरते : $_. डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे एक आडवी रेघ. हे पर्लमधले ‘मजकूर’. अनेक आज्ञांना कशावर काम करायचे ते सांगितलेच नाही, तर त्या मुकाट्याने $_ वर काम करतात.

१३/२४
इथवर सोयच सोय आहे. पण यादीतून एकेक घटक घेताना $_ मध्ये त्या घटकाची नक्कल येत नाही. $_ हा त्या घटकाचाच उर्फ असतो. $_ मध्ये बदल केला की मूळ यादीत बदल होतो. आमच्या भागातून जाणारा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ८ होता, नव्या क्रमवारीत तो ४८ झाला. ‘आठ’वरचा खड्डा बुजवला तर ‘अठ्ठेचाळीस’वरचा खड्डा वेगळा उरत नाही. रस्ता एकच आहे.

१४/२४
भाषेने नक्कल का दिली नाही? स्मृती महाग होती. हजारो ओळींच्या यादीतल्या प्रत्येक ओळीची प्रत काढणे म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही खर्च करणे. शिवाय यादी जागच्या जागी दुरुस्त करायची असेल, तर उर्फ हेच उत्तम हत्यार. फंक्शनला दिलेली मूल्येसुद्धा @_ या यादीत उर्फ म्हणूनच येतात. फंक्शनने मनात आणले तर तो मालकाच्या घरातली वस्तू बदलू शकतो. फोरट्रान या जुन्या भाषेतही असेच चालत असे.

१५/२४
आता तात्पुरत्या नावांकडे वळू. पर्लमध्ये ‘लोकल’ आणि ‘माय’ असे दोन शब्द आहेत. लोकल म्हणजे सर्वांच्या वापरातल्या नावाला काही काळापुरते नवे मूल्य देणे. काम संपले की जुने मूल्य आपोआप परत. एखाद्या सरदाराच्या गैरहजेरीत त्याच्या जागी मुतालिक बसावा, तसे हे आहे. त्या काळात कचेरीत जो येईल त्याला मुतालिकच भेटणार. म्हणजे मधल्या काळात बोलावलेल्या प्रत्येक फंक्शनलाही नवेच मूल्य दिसते.

१६/२४
‘माय’ आला तो पर्लच्या पाचव्या आवृत्तीत, १७ ऑक्टोबर १९९४ रोजी. हे नाव फक्त आपल्या महिरपी कंसापुरते. बाहेर त्याच नावाचा दुसरा कोणी असला तरी दोघांची गाठ पडत नाही. एका वाड्यातला रामा आणि दुसऱ्या वाड्यातला रामा वेगळे, तसे. या एका शब्दाने पर्लची लेखनशैली बदलली. सर्वांना दिसणारे नाव वापरण्याआधी विचार करावा आणि तात्पुरते नाव शक्य तितक्या लहान अंगणात ठेवावे, हा संकेत रूढ झाला.

१७/२४
आता माझा कोरा रकाना. माझा बाहेरचा फेरा प्रत्येक गाव $_ म्हणून घेत होता. आत मी एक फंक्शन बोलावले होते. ते पर्यायी लेखनांची दुसरी फाईल ओळीओळीने वाचत होते, आणि ती वाचलेली ओळही $_ मध्येच ठेवत होते. फाईल अशा रीतीने वाचताना पर्ल $_ चे जुने मूल्य जपत नाही. $_ तर त्या क्षणी गावाचा उर्फ होता. म्हणून प्रत्येक वाचलेली ओळ गावाच्या नावावर लिहिली गेली, आणि फाईल संपल्यावर तिथे रिकामे मूल्य उरले. पत्राच्या पोटातले पत्र आणि दोन्हीकडे ‘मजकूर’.

१८/२४
पर्लमध्ये अशा वेळी इशारे देण्याची सोय आहे, ती मी चालू केली नव्हती. वर यादी त्याच फाईलवर परत लिहिली होती. नावे टिपणवहीत होती म्हणून ती वाचली. पण शोध घेताना दुसरी गोष्ट उघडकीस आली, तिने अधिक घाबरलो. त्याच प्रोग्रॅममध्ये आधी एका ओळीत मी ‘उंबरगाव’च्या जागी ‘तलासरी’ घातले होते, मेळ जमावा म्हणून. तेही $_ वर, म्हणजे अस्सलावर. कोणत्या यादीत कोणते नाव होते, ही नोंद गेली होती आणि रकाना भरलेला असल्यामुळे मला ते कळलेही नव्हते.

१९/२४
कोरी जागा निदान डोळ्यांना खुपते. नीटनेटके, सुसंगत आणि चुकीचे नाव खुपत नाही. त्या यादीवरून कोणी असा निष्कर्ष काढला असता की १९४५ सालीही तलासरी तालुका होता, तर त्याला दोष देता आला नसता. सगळ्या याद्या पुन्हा काढून ताळा करावा लागला. त्यानंतर पर्लच्या जगात या प्रश्नावर काय विचार झाला आहे ते वाचायला घेतले, आणि तिथे आपल्याच विषयातला जुना वाद नव्या वेषात दिसला.

२०/२४
‘एक गोष्ट करण्याचे मार्ग एकाहून अधिक’ हे पर्लचे ब्रीद आहे, त्यामुळे मतभेद ओघाने आलेच. एका पक्षाचे म्हणणे, $_ हे भाषेचे स्वाभाविक सर्वनाम आहे, ते टाळून जागोजागी नावे लिहिणे म्हणजे प्रत्येक वाक्यात कर्ता पुन्हा लिहिणे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, वाचणाऱ्याला ‘ते’ म्हणजे कोण हे आठवत बसावे लागू नये. डेमियन कॉनवे यांनी २००५ साली ‘पर्ल बेस्ट प्रॅक्टिसेस’मध्ये दुसरी बाजू घेतली. फेऱ्यातल्या घटकाला ‘माय’ लावून स्वतंत्र नाव द्यावे, फंक्शनमध्ये शिरताच @_ मधली मूल्ये नावे देऊन उतरवून घ्यावीत, आणि यादीवर एकदम काम करणाऱ्या मॅपसारख्या आज्ञांत $_ बदलू नये, असा त्यांचा सल्ला.

२१/२४
एक सूक्ष्म मुद्दा. फेऱ्यात $_ ऐवजी $गाव असे नाव दिले (यूटीएफ-८ची सूचना केल्यास पर्लमध्ये देवनागरी नावही चालते), तरी $गाव हा यादीतल्या घटकाचा उर्फच राहतो. मात्र आतल्या फंक्शनच्या हाती तो लागत नाही, म्हणून माझा कोरा रकाना टळला असता. ‘उंबरगाव’ पुसले जाणे मात्र टळले नसते. त्यासाठी $नवे_नाव असा वेगळा तात्पुरता चल घेऊन त्यात नक्कल करावी लागते. २०११ सालच्या ५.१४ आवृत्तीपासून शब्द बदलण्याच्या आज्ञेला ‘आर’ हे अक्षर जोडता येते. मग मूळ तसेच राहते आणि बदललेली प्रत हाती येते.

२२/२४
भाषेच्या कर्त्यांनीही प्रयोग करून पाहिले. २००७ सालच्या ५.१० आवृत्तीत $_ लाच ‘माय’ लावण्याची मुभा दिली, म्हणजे खासगी सर्वनाम. पण इतर फंक्शने सार्वजनिक $_ कडे पाहत राहिली आणि गोंधळ वाढला. २०१६ सालच्या ५.२४ आवृत्तीत ती मुभा काढून टाकण्यात आली. मधल्या काळात, २०१५ साली, ५.२२ मध्ये उघडपणे ‘हे नाव त्या गोष्टीचा उर्फ आहे’ असे लिहिण्याची प्रायोगिक सोय आली. उर्फ करायचाच असेल तर तो वाचणाऱ्याला दिसावा, हा त्यामागचा विचार मला पटतो.

२३/२४
चिन्हांऐवजी शब्द हवेत म्हणणाऱ्यांसाठी पर्लमध्ये ‘इंग्लिश’ नावाचे मॉड्यूल आहे. ते $_ सारख्या चिन्हनावांना लांब, वाचता येण्याजोगे उर्फ देते. यावरून शिवकालातला राज्यव्यवहारकोश आठवतो. रूढ फारसी-अरबी शब्दांना त्याने संस्कृत पर्याय दिले, तरी मजकूर, सदरहू, उर्फ कागदांतून गेले नाहीत. नवे नाव दिले म्हणून जुने नाव मरत नाही. अभ्यासकाला दोन्ही ठाऊक असावी लागतात.

२४/२४
तेव्हा माझ्यापुरता नियम असा ठरला. वाक्य एका ओळीत संपत असेल तर ‘मजकूर’ चालेल. ओळ वाढली, आत दुसरे पत्र आले, की नाव लिहावे. आणि बदल करायचा तो नकलेवर. आता माझ्या यादीत एकाऐवजी तीन रकाने आहेत : मूळ कागदातले नाव, त्या वेळचा तालुका, आजचा तालुका. जागा थोडी जास्त लागते. पण उंबरगाव तालुक्यातली झरी शोधत कोणी आले तर ते तलासरीत पोहोचतील, आणि मधली वाटही त्यांना दिसेल. अच्छाडच्या ओळीत ‘आच्छाड’ही जसेच्या तसे ठेवले आहे. धागा समाप्त. चूक आढळल्यास अवश्य कळवावी, दुरुस्ती शेजारी लिहीन, मूळ ओळ पुसणार नाही.